पिवळ्या गलांड्याचे वाण

दिवाळीच्या आदल्या दिवशी फुलबाजारातून परतलेल्या माणसाला काय काय आणलेत म्हणून विचारून पाहा. झेंडू आणला, शेवंती आणली, ॲस्टर जरा महाग होते तरी पाव किलो घेतलेच, असे तो कौतुकाने सांगेल. मग पिशवीच्या तळाशी हात घालून, "आणि ही कसलीशी पिवळी-तांबडी फुले; स्वस्त होती म्हणून घेतली," असे म्हणून मोकळा होईल. ही जी 'कसलीशी' फुले, त्यांच्याविषयी आज चार शब्द लिहायचे योजले आहे. एरवी दर आठवड्याला या सदरात आपली गाठ पडते ती जिन्यात भेटल्यासारखी, उभ्याउभ्या. दिवाळी अंकात जागा ऐसपैस मिळते, तेव्हा आज जरा पाटावर बसून बोलू.

या फुलाचे नाव गलांडा. त्याला वास नाही. गणपतीला जास्वंद, शंकराला बेल, विष्णूला तुळस. पण गलांड्यावर कोणत्याही देवाची मेहेरनजर झालेली नाही. कवितेत त्याला मानाचे पान मिळाल्याचे मला स्मरत नाही, आणि गेली वीस वर्षे कविता शिकवण्यावरच माझे पोट चालते. तरीही महाराष्ट्रातल्या मोठ्या फुलबाजारात गलांड्याचा ढीग दिसतोच. हारात झेंडूच्या जोडीला, मांडवाच्या कमानीला, खंडेनवमीला ट्रॅक्टरच्या गळ्यात, जिथे फुले पुष्कळ हवीत नि पैसे थोडे आहेत तिथे गलांडा धावून येतो. प्रत्येक घराण्यात एक मावशी असते. लग्नकार्यात सगळे काम तिच्या अंगावर असते आणि फोटोत ती कुठेच नसते. फुलांमधली ती मावशी म्हणजे हा गलांडा.

मराठीच्या प्राध्यापिकेला शब्दाच्या कुळाची चौकशी करण्याची खोड असते. गलांडा हे नाव कानाला इतके गावरान वाटते, की गलांडे आडनावाच्या कुणा माळ्याने ते फूल पहिल्यांदा लावले असावे असा समज व्हावा. मौज अशी, की हे नाव थेट फ्रान्सहून आले आहे. अठराव्या शतकात तिथे गेयार द शारांतोनो या नावाचे एक न्यायाधीश होते. वनस्पतिशास्त्राचे ते मोठे चाहते नि आश्रयदाते. फुजरू या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८६ साली या फुलाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा न्यायाधीशमहाशयांच्या सन्मानार्थ त्याचे नाव ठेवले गेलार्डिया. ते नाव आपल्या मळ्यांत आले. माळ्यांच्या नि हारवाल्यांच्या तोंडी घोळले, आणि कुठे गलाटा झाले, कुठे गलांडा. शब्द पचवण्याच्या बाबतीत मराठीचा कोठा पहिल्यापासून भक्कम आहे!

फूल मात्र फ्रान्सचेही नव्हे. ते अमेरिकेचे. टेक्सास, ओक्लाहोमा आणि मेक्सिको या मुलखात ते माळरानावर नि रस्त्याच्या कडेला आपोआप उगवते. ओक्लाहोमाने तर १९८६ साली त्याला आपल्या राज्याचे रानफूल म्हणून मान दिला. त्याचे एक भावंड थेट उत्तरेकडच्या डोंगरांत राहते. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या मेरिवेदर लुईसने १८०६ च्या जुलैत आजच्या माँटाना राज्यात त्याचा नमुना खुडून घेतला होता. कोलोरॅडोकडे एक पतंग आहे, त्याचे डोके पिवळे नि पंख तांबूस. तो या फुलावर बसला म्हणजे शोधून सापडत नाही. इंग्रजीत फुलाला 'ब्लँकेट फ्लॉवर' म्हणतात. तिथले मूळ रहिवासी तांबड्या-पिवळ्या सुतांची जी भडक पांघरुणे विणत, त्यांच्या रंगांवरून ते नाव पडले असे कुणी म्हणतात. फुले जमिनीवर पांघरूण घातल्यासारखी पसरतात म्हणून, असेही कुणी म्हणतात. आपल्याकडे नाव ठेवायचे झाले असते तर घोंगडी चालली नसती, ती बिचारी काळी. आपण त्याला गोधडीचे फूल म्हटले असते.

आणि यात अपूर्वाई ती काय? दारावर ज्याच्यावाचून दसरा होत नाही तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच, नि गजऱ्यातली गुलछडीही तिकडचीच. पाहुणे म्हणून आले आणि घरचे होऊन बसले. पाहुणा घरचा केव्हा होतो? आपल्या मातीत त्याचे बी धरले जाते तेव्हा.

'बी धरणे' हा मला फार आवडणारा शब्दप्रयोग आहे. फूल आपण तोडतो, फळ उतरवतो, शेंगा खुडतो. बी मात्र धरतो. जणू ते निसटून जाण्याच्या बेतात असते, आणि खरोखरच तसे असते. हे मी पुस्तकात वाचले नाही. ते मला आमच्या सासूबाईंनी शिकवले.

२०२२ च्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे पुण्याला राहायला आल्या. साताऱ्याकडच्या खेड्यात आमचे घर आहे. आदल्या वर्षी मामंजी गेले, आणि एवढ्या मोठ्या घरात त्यांना एकटे ठेवणे कुणाच्याच मनाला पटेना. वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने काटक, पण डोळ्यांनी दगा दिलेला. पडद्याचा विकार. समोरचे सगळे धुरकट, कडेचे थोडेफार दिसते. चष्म्याचा उपयोग नाही असे डॉक्टरांनी सांगून टाकले होते. ज्या बाईने चाळीस वर्षे परातभर तांदूळ बघता बघता निवडले, तिला ताटातली आमटी कुठे नि भाजी कुठे हे विचारावे लागू लागले.

आल्यावर पहिले दोन महिने त्यांनी वाती वळल्या. इतक्या वळल्या, की आमच्या जिन्यातल्या सहाही बिऱ्हाडांना पुरून उरल्या. पुरे झाल्या असे मी म्हटले नाही. पण रिकामे डबे संपले, हे त्यांच्या हातांना कळल्यावाचून कसे राहील? एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "मी तुमच्याकडं नुसती बसून खाते गं." भांडणात म्हटले असते तर मला उत्तर देता आले असते. त्यांनी ते 'आज उकडतंय' म्हणावे तसे म्हटले. मी गप्प राहिले. 'हे' वर्तमानपत्राआड गप्प राहिले.

जूनमध्ये वळवाचा एक पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी कमरेची चंची सोडली. सुपारीच्या कप्प्यातून फडक्याची एक पुरचुंडी निघाली. "आपल्या परसातला गलांडा आहे. पिवळा. तुझ्या गॅलरीत येतोय का बघ."

गलांडा येतो. कुणाच्याही गॅलरीत येतो, फक्त तिथे ऊन हवे. सहा तास स्वच्छ ऊन मिळाले तर बाकीच्या उणिवा तो मनावर घेत नाही. माती पाण्याचा निचरा होणारी असावी; नुसती चिकणमाती असेल तर तिच्यात थोडी वाळू नि चाळलेले शेणखत मिसळावे. बी खोल पुरू नये, कारण त्याला उजेडाची थोडी चाहूल लागते. पसरट कुंडीत विरळ फेकावे आणि वरून माती नुसती भुरभुरावी. पाणी झारीने, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जमा होते. आठ ते पंधरा दिवसांत रोपे वर येतात. चार-पाच पाने फुटली की दहा-बारा इंची कुंडीत एक, फार तर दोन, अशी हलवावीत. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटून झाड भरदार होते. पेरल्यापासून तीनेक महिन्यांत फुले येऊ लागतात.

त्याला जपायचे ते दोनच गोष्टींपासून, फाजील पाणी आणि फाजील खत. कुंडीत पाणी साचले की मुळे कुजतात. खत जास्त झाले की झाड पानांनी फोफावते आणि फुलांचे नाव काढीत नाही. एकुलत्या एका मुलाला रोज बदाम चारणाऱ्या आयांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही!

सासूबाई रोज सकाळी कुंड्यांत बोट खुपसून मातीचा ओलावा बघत. पाणी घालायचे की नाही याचा निकाल त्यांचे बोट देई. सप्टेंबरात पहिले फूल उमलले तेव्हा त्यांनी ते अलगद चाचपले आणि मला विचारले, "पिवळाच आहे ना?" पिवळाच होता, हळदीसारखा. त्या हसल्या. घर सोडून आल्यापासून इतके मोकळे हसू मी त्यांच्या तोंडावर पाहिले नव्हते.

आता फुलाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे पुढचे नीट समजेल. आपण ज्याला गलांड्याचे एक फूल म्हणतो ते एक फूल नसतेच. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्याच कुळातला हा. तेव्हा ते इवल्या इवल्या फुलांचे एक संमेलन असते. बाहेरच्या कडेला ज्या झालरदार पाकळ्या दिसतात त्या सहसा वांझ असतात. त्यांचे काम फक्त मधमाश्यांना हाक मारण्याचे, मांडवाच्या दारातल्या सनई-चौघड्यासारखे. लग्न लागते ते आत, मधल्या गड्ड्यातल्या बारीक फुलांत. ती कडेकडून आतल्या बाजूला ओळीने उमलत जातात, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या पोटी एकच बी धरते. काही जातींत ही मधली फुलेच मोठी होऊन नरसाळ्यांसारखी फुगतात. तोच आपला गेंदेदार, दुहेरी गलांडा. शिवाय गलांड्याचा आणखी एक नेम आहे. आपल्याच झाडाचा पराग त्याला बहुधा चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. सगोत्र विवाह निषिद्ध! म्हणून बी हवे असेल तर निदान तीन-चार झाडे हवीत आणि मधमाश्यांना येणे-जाणे मोकळे हवे. एकट्या कुंडीतले एकटे झाड फुलते पुष्कळ, पण त्याचे बी बहुतेक फोल निघते.

पाकळ्या गळल्या म्हणजे काय उरते? एक काटेरी दिसणारा गोळा, मोठ्या बोराएवढा. बहुतेक माणसे इथेच कात्री घेऊन येतात. आमच्या सोसायटीच्या आवारातली बाग सांभाळणारे माळीकाकाही तेच करतात, आणि त्यांच्या परीने ते बरोबर आहे. वाळलेली फुले खुडत गेले की झाड बी धरण्याच्या उद्योगाला न लागता नवी फुले देत राहते. फुलेच हवी असतील तर खुडावे. पण बी हवे असेल तर मन घट्ट करून काही गोळे झाडावर तसेच ठेवावे लागतात. कुंडी चार आठवडे ओसाड दिसते. "हे वाळलेलं काय ठेवलंत?" असे येणारा-जाणारा विचारतो. त्याला उत्तर देऊ नये.

गोळा पिकला हे ओळखायचे कसे? मी पुस्तक उघडून रंग सांगू लागले, आधी हिरवट-लालसर, मग तपकिरी, मग राखाडी झाक. सासूबाईंना त्या रंगांचा काय उपयोग? त्यांनी हात पुढे केला. एकेका गोळ्यावरून बोटे फिरवली आणि म्हणाल्या, "हा कच्चा. याला अजून आठ दिवस. हा झाला." मी तो 'झालेला' गोळा पाहिला. माझ्या डोळ्यांना तो शेजारच्यासारखाच दिसत होता. त्यांनी अंगठ्याने जरासा दाबला मात्र, आणि सगळा गोळा त्यांच्या ओंजळीत सुटा झाला. कच्चा गोळा बोटांना विरोध करतो. पिकलेला नुसत्या स्पर्शाला पाझरतो. आणखी दोन दिवस उशीर झाला असता, तर वाऱ्यानेच तो उधळून नेला असता. धरायचे ते या दोहोंच्या मध्ये, आणि ती वेळ डोळ्यांपेक्षा बोटांना नेमकी कळते.

त्या दिवसापासून घरात एक खाते सासूबाईंचे झाले. दहिवर सुकल्यावर, साधारण नवाच्या सुमाराला, त्या गॅलरीत जात. भरल्या आभाळाच्या दिवशी बी धरायचे नाही, ओले बी बुरसते. धरलेले गोळे सुपात पसरून आठ दिवस सावलीत वाळवायचे. मग तळहातांत चोळायचे आणि हलक्या हाताने पाखडायचे. भुसा उडतो, बी मागे राहते. मात्र पंखा बंद करावा, कारण गलांड्याचे बी फार हलके. खाली केसाळ शेपटा आणि वर पातळ पापुद्र्यांचा तुरा, असे ते बॅडमिंटनच्या इवल्याशा फुलासारखे दिसते. भरीव बी नखाला लागते, पोकळ बी चपटे होते. आमच्या सुनबाई-सासूबाई मंडळाचा नियम असा, की शंका असेल तेव्हा दहा बिया ओल्या फडक्यात बांधून, मटकीला मोड आणतो तसे मोड आणून बघावे. सात-आठ उगवल्या तर बी चांगले.

बी ठेवायचे कागदाच्या पुडीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिलेला दमटपणा बाहेर पडत नाही. पुडीवर तारीख नि रंग लिहावा, पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, डब्यात वाळलेला कडुनिंबाचा पाला टाकावा आणि डबा स्वयंपाकघरातल्या उष्णतेपासून दूर, थंड कपाटात ठेवावा. वर्ष-दोन वर्षांत पेरले तर बी दगा देत नाही.

आणखी एक गोष्ट सासूबाईंनी सांगितली, ती मात्र कुंडीपुरती राहत नाही. "बी कशाचं धरायचं ते फूल फुललेलं असतानाच ठरव. चांगलं फूल देवाला, त्यातल्या त्यात बरं पाहुण्याला, आणि उरलंसुरलं बियाला, असं केलंस तर चार वर्षांत वाण बिघडतं." म्हणून ज्या झाडाला फुले मोठी, पाने निरोगी, फांद्या भरदार, त्याच्या दोन-चार उत्तम फुलांना आधीच लाल दोरा बांधायचा. ती तोडायची नाहीत, देवालासुद्धा नाहीत. देव रागावत नाही. पुढल्या वर्षीची पूजा त्यातच आहे हे त्याला ठाऊक असते.

'वाण' या शब्दाशी मी इथे अडखळले. बियाण्याची जात ते वाण, आणि संक्रांतीला हळदीकुंकवात बायका एकमेकींना देतात तेही वाणच. शिवाय 'कशाची वाण नाही' म्हणतो तेव्हा वाण म्हणजे उणीव. शब्दांची कुळे वेगळी असतील. पण तीन अर्थ एका उच्चारात नांदतात खरे. तेव्हा येत्या संक्रांतीला प्लॅस्टिकच्या डब्या आणि स्टीलच्या वाट्या देण्याऐवजी गलांड्याचे बीच का देऊ नये, असे मनात आले. वाणाचे वाण! सासूबाईंना कल्पना आवडली. जुन्या कॅलेंडरची पाने मी चौकोनी कापून दिली. वाण्याच्या दुकानात बांधतात तशा चाळीस पुड्या त्यांनी हाताच्या अंदाजाने बांधल्या, एकही सुटी झाली नाही.

जानेवारी २०२३. हळदीकुंकवाचा दिवस आला, आणि दुपारी सासूबाई आतल्या खोलीत जाऊन बसल्या. त्यांना कुणी काही म्हटले नव्हते. मी बाहेर बसा म्हणून दोनदा सांगून आले. "तू बोलावतेस ते खरं," त्या म्हणाल्या, "पण दुसरीच्या मनात किंतू कशाला? आजचा दिवस मी इथंच बरी." आपल्या शहरी घरांतून पुष्कळशा रूढी गेल्या असे आपण समजतो. त्या गेलेल्या नसतात. आतल्या खोलीत जाऊन बसलेल्या असतात.

बायका आल्या. तिळगूळ झाला, पुड्या दिल्या. एरवी वाण पिशवीत पडते आणि विषय संपतो. बी म्हटल्यावर मात्र प्रश्न सुरू झाले. हे कधी पेरायचे? किती खोल? आमच्या गॅलरीत सकाळचेच ऊन येते, चालेल का? मला उत्तरे येत होती. पण मी म्हटले, "ज्यांनी बी धरलं त्या आत आहेत. त्यांनाच विचारा ना."

एक गेली, तिच्यामागून दुसरी गेली. दहा मिनिटांत बाहेरची खोली रिकामी झाली आणि आतल्या खोलीत उभे राहायला जागा उरली नाही. सासूबाई पलंगावर बसून सांगत होत्या, "रथसप्तमी झाली की पेरा, उन्हाळ्यात फुलं येतील. नखाएवढंही खोल नको. माती कशी, थालीपिठावर तीळ भुरभुरावे तशी." तळमजल्यावरच्या नव्या सुनेने वाकून त्यांना नमस्कार केला आणि हातावर तिळगूळ ठेवला. मी दारात उभी होते. सासूबाईंच्या मनातला किंतू त्या दिवशी गेला की नाही, मी विचारले नाही. पुढच्या संक्रांतीला त्या आपण होऊन बाहेरच्या खोलीत, पुड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसल्या, एवढे मात्र सांगते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. पुड्या घरोघर गेल्या, आणि गलांडा जिन्यात सगळ्यांचाच लाडका झाला. कुणी हौसेने रोपवाटिकेतून तांबडा गलांडाही आणला. मधमाश्यांना काय, कुणाची गॅलरी कुणाची हे त्या कुठे बघतात? २०२३ साली धरलेले बी आम्ही २०२४ च्या जूनमध्ये पेरले, आणि गणपतीच्या सुमाराला पहिले फूल उमलले. नेहमीचा प्रश्न आला, "पिवळाच ना?"

टोके पिवळी होती, पण मध्यभागी कुंकवाच्या रंगाचे ठसठशीत कडे होते.

त्यांना दिसणार नव्हते. 'हो, पिवळाच' असे म्हटले असते तर कुणाला कळलेही नसते. पण ज्या बाईने बोटांनी कच्चे-पक्के पारखून मला शिकवले, तिला आंधळी समजून वागवणे मला जमेना. मी म्हटले, "नाही हो. कडेला पिवळा, मध्ये लाल. शेजारच्या तांबड्याशी मिसळला."

त्या थोडा वेळ फुलावर बोटे ठेवून बसल्या. परसातला तो पिवळा गलांडा त्यांच्या सासूबाईंच्या हातचा होता, हे त्यांनी मला तेव्हा सांगितले. गावाकडच्या घराला तर कुलूप होते. मग त्या म्हणाल्या, "असू दे. बाईचं तरी नाव सासरी कुठं टिकतं? झाड जगलं ना?" आणि जरा थांबून, "लाल कसा? विटेसारखा का कुंकवासारखा?"

एक रंग राखायचा असेल तर उपाय आहेत. एकाच रंगाची दोन झाडे निवडावीत, फुले उमलण्यापूर्वी मलमलीच्या पिशव्यांत बांधावीत, उमलल्यावर एकाची मधली बाजू दुसऱ्याच्या मधल्या बाजूवर चार-पाच सकाळी हलकेच घासावी आणि पुन्हा पिशवी बांधावी. वेगळ्या रंगाचे रोप उगवलेच, तर पहिले फूल दिसताच ते वेगळे काढावे. आम्ही दोन झाडांपुरते ते केले. डब्यात 'पिवळा, बांधलेला' अशी एक पुडी आहे, ती गावाकडच्या घरासाठी राखून ठेवली आहे. बाकीच्या कुंड्या मधमाश्यांच्या स्वाधीन केल्या.

पेराल तसे उगवेल, असे आपण मुलांना सांगत आलो. गलांडा ही म्हण जरा दुरुस्त करून सांगतो. पेरले तर उगवेल, एवढी हमी तो देतो. तसेच उगवेल याची मात्र देत नाही. मुलांच्या बाबतीत तरी आपल्याला याहून अधिक हमी कुणी दिली होती?

असो. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाऊस सरलेला असेल नि हवा कोरडी होऊ लागलेली असेल. बी धरायला याहून चांगले दिवस नाहीत. तुमच्या गॅलरीत गलांडा असेल तर दिवाळीच्या साफसफाईत वाळलेले गोळे खुडू नका. कात्री ठेवून द्या, आणि घरातले कुणी म्हातारे माणूस रिकामे बसले असेल तर त्याला कुंडीजवळ खुर्ची द्या. गलांडा नसेल तर ओळखीच्या माणसाकडून चिमूटभर बी मागून घ्या. रथसप्तमीनंतर पेरलेत तर उन्हाळ्यात फुले येतील, जूनमध्ये पेरलेत तर दसऱ्याला तोरणात ओवता येतील. आणि आपले बी डब्यात मावेनासे झाले म्हणजे कॅलेंडरची पाने कापायला घ्या. संक्रांत काही फार दूर नाही.